खुणेची बोटे

पुण्याला गेले की हा प्रश्न हमखास येतो, आणि आता तो इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारला आहे की एकदा नीट लिहूनच उत्तर द्यावे असे वाटले. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात वाढला आहे आणि शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर आहे. त्याचे चिलखत घातलेले फोटो पाहून मामा, मावश्या, शेजारचे काका असे सगळे विचारतात, ‘हे म्हणजे आपले विकेटकीपिंगच ना?’ आणि त्यापाठोपाठ खरा प्रश्न येतो, ‘तासन्‌तास उकिडवे बसून दुसऱ्याने टाकलेले चेंडू झेलायचे, यात माणसाचे करिअर ते काय होणार?’ तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. पण मुलाचे उदाहरण अजून फार कोवळे आहे, म्हणून ज्या एका कॅचरची कारकीर्द मी पहिल्या पायऱ्यांपासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिली, त्या बस्टर पोझीच्या आधाराने सांगते.

विकेटकीपिंगशी तुलना होणे स्वाभाविक आहे. माझा धाकटा भाऊ क्लबच्या संघात यष्टिरक्षक होता आणि सुट्टीतल्या कित्येक दुपारी मी त्याला अंगणात चेंडू टाकून सराव दिला आहे, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षे मलाही हे दोन्ही एकच वाटत होते. दिसायला फरक थोडाच आहे. परंतु क्रिकेटमध्ये कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो, आणि यष्टिरक्षकाला तो बहुधा हात पाहून किंवा चेंडूची दिशा पाहून ओळखावा लागतो. बेसबॉलमध्ये फास्टबॉल हवा की कर्व्ह, स्लायडर हवा की चेंजअप, आणि तो प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, कोणत्या कोपऱ्यावर हवा, हे प्रत्येक चेंडूआधी कॅचर सुचवतो. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ते पटले तर तो मान डोलावतो, नाही तर मान हलवून दुसरी खूण मागतो. एका सामन्यात एका संघाचे साधारण दीडशेच्या घरात चेंडू टाकले जातात, म्हणजे दीडशे वेळा हा निर्णय घ्यायचा, आणि तो घेताना समोरच्या फलंदाजाने गेल्या खेपेला काय केले, आज आपल्या पिचरचा कोणता चेंडू नीट वळत नाही, कोणत्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, धावपटू उभा आहे, पंच कोणत्या उंचीचा चेंडू योग्य ठरवतो आहे, हे सगळे डोक्यात ठेवायचे.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांना नियमाने मैदानाच्या आखलेल्या रेषांच्या आत उभे राहावे लागते. कॅचर तेवढा रेषेबाहेर असतो आणि बाकीच्या आठांकडे तोंड करून असतो. कोण किती पुढे सरकला आहे, कोणाचे लक्ष उडाले आहे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि म्हणूनच मैदानावरची बरीचशी जुळवाजुळव त्याच्याकडून होते.

पूर्वी या खुणा बोटांनीच दिल्या जात. गुडघ्यांच्या मधे, मांडीच्या आड उजवा हात धरायचा आणि एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन बोटे म्हणजे कर्व्ह, अशी साधारण रीत असे; दुसऱ्या बेसवर विरोधी धावपटू उभा असला तर त्यालाही हात दिसतो, म्हणून मग चार-पाच खुणांची मालिका द्यायची आणि त्यातली कितवी खरी हे आधी ठरवून ठेवायचे. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना एका संध्याकाळी माझ्या ड्रेसिंग टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि नेलपॉलिश मागू लागला. दिवस मावळताना पिचरला त्याची बोटे नीट दिसत नव्हती, आणि कॅचर लोक नखांना भडक रंग लावतात हे त्याला कोणीतरी सांगितले होते. मी त्याच्या उजव्या हाताच्या पाचही नखांना पिवळाधमक रंग लावून दिला. लावताना त्याचे बोट हातात धरले तर तर्जनीचे मधले पेर सुजलेले होते आणि अंगठ्याचे नख एका बाजूने काळे पडले होते; त्याने त्याबद्दल घरात अवाक्षरही काढले नव्हते. हे काम नेमके काय मागते, ते मला त्या क्षणी इतकी वर्षे सामने पाहून कळले नव्हते तितके कळले.

आता पोझीकडे येते. जॉर्जिया राज्यातल्या लीसबर्ग या लहानशा गावचा हा मुलगा १९८७ साली जन्मला. फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात पहिल्या वर्षी तो शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी खेळला, आणि दुसऱ्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला कॅचर केले. विशीतल्या खेळाडूने असे नव्याने उकिडवे बसायला शिकणे सोपे नसते. तरीही २००८ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक क्लबने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले आणि ६२ लाख डॉलरची रक्कम देऊन करारबद्ध केले.

२००९ चा हंगाम त्याने आमच्या गावातल्या सॅन होजे जायंट्सकडून सुरू केला. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, प्रत्येक क्लबचे असे खालच्या पातळ्यांवरचे संघ असतात आणि खेळाडू तिथून पायरी पायरीने वर जातो. सॅन होजेचे म्युनिसिपल स्टेडियम १९४२ सालचे, लहान आणि घरगुती आहे. कार्यालयातल्या चौघा-पाच जणांबरोबर मी तिथे सामने पाहायला जाऊ लागले ते मुख्यतः संध्याकाळ मोकळ्या हवेत जावी म्हणून. आमच्यातले एक निवृत्तीला आलेले सहकारी मला म्हणाले, ‘या मुलाची फलंदाजी सगळेच पाहतात, तुम्ही त्याचा हातमोजा पाहा.’ त्यांनी दाखवले तेव्हा कळले की काठावरचा चेंडू झेलताना मनगट किंचितही बाहेर वाहू न देता तो चेंडू जागच्या जागी स्थिर कसा धरायचा, हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. प्लेट १७ इंच रुंद असते. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू तिच्या कडेवरून गेला की बाहेरून, हे पंचाला क्षणार्धात सांगायचे असते, आणि हातमोजा हेलकावला की चांगला चेंडूही वाईट दिसतो. याला फ्रेमिंग म्हणतात. काहींना ती पंचाची दिशाभूल वाटते. मला तसे वाटत नाही, कारण पिचरने अचूक टाकलेला चेंडू आपल्या हाताने बिघडवायचा नाही, हा त्यातला मूळ हेतू आहे.

पोझी पुढच्या वर्षी, २०१० च्या मे अखेरीस, कायमचा सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्या वेळी तिथे बेंजी मोलिना हा अनुभवी कॅचर होता. जुलै उजाडता उजाडता क्लबने मोलिनाला टेक्सास रेंजर्सकडे धाडले आणि टिम लिन्सकम, मॅट केन यांच्यासारख्या नावाजलेल्या पिचरांची जबाबदारी तेवीस वर्षांच्या नवख्यावर टाकली. ऑक्टोबर अखेरीस वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, जायंट्ससमोर नेमके रेंजर्स उभे राहिले आणि दोन्ही बाजूंना प्लेटमागे एकाच जागेचे जुने आणि नवे धनी बसलेले दिसले. चौथ्या सामन्यात पोझीसमोर चेंडू टाकायला एकवीस वर्षांचा मॅडिसन बमगार्नर होता. पिचरही पहिल्या वर्षाचा आणि कॅचरही. त्या जोडीने आठ डाव रेंजर्सला एकही धाव करू दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाचवा सामना जिंकून जायंट्सने १९५८ साली सॅन फ्रान्सिस्कोला आल्यानंतरचे पहिले विजेतेपद मिळवले.

कॅचरच्या कारकिर्दीत त्याचे स्वतःचे काय असते, असे कोणी विचारले तर मी १३ जून २०१२ ची रात्र सांगते. त्या रात्री मॅट केनने ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्ध ‘परफेक्ट गेम’ टाकला. सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही बाद होऊन गेले, एकालाही पहिला बेस गाठता आला नाही. क्लबच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. केनने १२५ चेंडू टाकले, चौदा जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे फटका लागू न देता बाद केले, आणि सातव्या डावात ग्रेगोर ब्लँकोने धावत जाऊन झेप घेत टिपलेला झेल आजही लोक आठवतात. या सगळ्यात पोझीचे नाव विक्रमाच्या रकान्यात कुठेच येत नाही. परफेक्ट गेम पिचरच्या नावावर लागतो. परंतु सामन्यानंतर केनने स्वतः पोझीचे आभार मानले आणि त्याने मागितलेल्या चेंडूंबद्दल आपण एकदाही शंका घेतली नाही, असे सांगितले. १२५ वेळा एका माणसाने सुचवावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी, हा विश्वास महिनोन्‌महिने एकत्र बसून, चुका बोलून दाखवून, एकमेकांचा स्वभाव ओळखून तयार होतो. माझ्या दृष्टीने कॅचरचे खरे काम हेच आहे: चेंडू दुसऱ्याच्या हातात असतो आणि त्याची जबाबदारी आपण घेतलेली असते.

त्याच वर्षी पोझीची फलंदाजीची सरासरी .३३६ होती, म्हणजे दर तीन संधींमध्ये साधारण एक यशस्वी फटका. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगमध्ये १९४२ नंतर सर्वोच्च सरासरीचा मान मिळवणारा तो पहिलाच कॅचर. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरचा सन्मानही त्यालाच मिळाला. त्या लीगमधल्या कॅचरला हे सत्तर वर्षांत का जमले नव्हते, याचे उत्तर त्याच्या गुडघ्यांत आणि बोटांत आहे.

हे काम शरीर झिजवते, ही गोष्ट मी मुलापासूनही लपवून ठेवलेली नाही. वर्षाला १६२ सामने असतात आणि मुख्य कॅचर त्यातले शंभराहून अधिक खेळतो. जमिनीवर आपटून येणारा कर्व्ह झेलायचा नसतो, तर त्याच्या पुढ्यात गुडघे टेकून, खांदे गोलाकार आत घेऊन तो छातीवर घ्यायचा असतो, म्हणजे चेंडू समोरच पडतो आणि धावपटू पुढे सरकत नाही. माझा भाऊ हे पाहून कळवळला होता, कारण यष्टिरक्षकाला आयुष्यभर चेंडू अंगावर न घेण्याचेच शिकवलेले असते. फलंदाजाच्या बॅटची कड घेऊन आलेले चेंडू तर मुखवट्यावर, गळ्यावर, उघड्या हातावर कुठेही लागतात. माइक मॅथेनी हा अत्यंत सुरक्षित हातांचा कॅचर २००६ मध्ये जायंट्सकडूनच खेळत असताना असे चेंडू मुखवट्यावर बसून मेंदूला मार लागला आणि त्याला खेळ सोडावा लागला. बाहेरून पाहणाऱ्याला मुखवटा घातला म्हणजे डोके सुरक्षित असे वाटते; तसे ते नसते.

पोझीच्या बाबतीत तो दिवस २५ मे २०११ चा. माझा मुलगा तेव्हा जेमतेम महिन्याचा होता आणि रात्री त्याला मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसले होते. सामना बाराव्या डावापर्यंत लांबला होता. फ्लॉरिडा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स तिसऱ्या बेसवरून निघाला, उजवीकडून चेंडू आला, पोझीच्या हातात तो नीट बसला नाही आणि त्याच क्षणी कझिन्स पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळला. पोझीचा डावा पाय अंगाखाली मुडपला होता. पोटरीचे हाड मोडले, घोट्याचे स्नायुबंध फाटले आणि हंगाम तिथेच संपला. तो मातीत हाताने सरकत असलेला पडद्यावर दिसत होता आणि मी आवाज बंद करून टाकला. धावपटूने तेव्हाच्या नियमांविरुद्ध काही केले नव्हते. प्लेटवर कॅचरला धडक देणे हा पिढ्यान्‌पिढ्या खेळाचा भाग मानला जाई. २०१४ च्या हंगामापासून नियम बदलला. धावपटूने आपली वाट सोडून कॅचरच्या अंगावर जायचे नाही आणि हातात चेंडू नसताना कॅचरने वाट अडवायची नाही, असे ठरले. आज माझा मुलगा प्लेटपाशी वाट सोडून एका बाजूला उभा राहायला शिकला आहे, ते त्या रात्रीमुळे. काही जुने खेळाडू अजूनही हा नियम मवाळ म्हणतात. मला तो फार उशिरा आला असे वाटते.

त्या दुखापतीनंतरच २०१२ चे ते वर्ष आणि दुसरे विजेतेपद आले. मग २०१४ चे तिसरे विजेतेपद आले. पायांना विसावा म्हणून तो अधूनमधून पहिल्या बेसवर खेळे, तरी झीज व्हायची ती झालीच आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली. २०२० मध्ये महासाथ सुरू असताना त्याने आणि त्याच्या पत्नीने दिवस भरण्याआधी जन्मलेल्या जुळ्या मुली दत्तक घेतल्या, आणि त्या नाजूक बाळांसाठी त्याने तो संपूर्ण हंगाम खेळायचे नाकारले. आई म्हणून त्या निर्णयाबद्दल मला जो आदर वाटला, तो त्याच्या कोणत्याही फटक्याबद्दल वाटला नव्हता.

२०२१ मध्ये तो परतला, .३०४ च्या सरासरीने खेळला, क्लबने १०७ सामने जिंकून स्वतःचा विक्रम केला, आणि ४ नोव्हेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. वय चौतीस. पुढच्या वर्षासाठी करारात क्लबच्या हाती २ कोटी २० लाख डॉलरचा पर्याय होता. शरीराच्या वेदना आणि घरच्यांसाठी हवा असलेला वेळ, ही कारणे त्याने सरळ सांगितली. कारकिर्दीतले फटके बरोबर १,५०० आणि सरासरी .३०२.

आता बोटांच्या खुणाही मागे पडल्या. ॲस्ट्रोजने २०१७ मध्ये कॅमेऱ्याने विरोधी कॅचरच्या खुणा टिपून कचऱ्याच्या पिंपावर ठोके देत आपल्या फलंदाजांना इशारे दिल्याचे पुढे उघड झाले, आणि २०२२ पासून मेजर लीगमध्ये पिचकॉम नावाचे उपकरण आले. कॅचर बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून चेंडूचे नाव ऐकू येते. २०२६ च्या हंगामासाठी लीगने आणखी एक बदल मंजूर केला, त्यानुसार चेंडू स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरून योग्य उंचीने गेलेला, की नाही या पंचाच्या निर्णयाविरुद्ध फलंदाज, पिचर किंवा कॅचर तिथल्या तिथे यंत्राकडे दाद मागू शकतो. फ्रेमिंगचे महत्त्व त्याने कमी होईल, हे उघड आहे. परंतु दाद कधी मागायची हे सांगायला प्लेटमागून चेंडू पाहणाऱ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, त्यामुळे एक जबाबदारी जाऊन दुसरी आली इतकेच.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न, जो पुण्यात सगळ्यांना सर्वात आधी पडतो. पोझीला मिळाला तसा पैसा फार थोड्यांना मिळतो. खालच्या पातळीवरच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला, तेव्हा सॅन होजेसारख्या सिंगल-ए संघातला वर्षाचा किमान पगार सुमारे ११,००० डॉलरवरून २६,२०० डॉलरवर गेला. या गावात तेवढ्यात भाडेसुद्धा भागत नाही. बहुसंख्य मुले तिथूनच परततात. मात्र जे टिकतात त्यांच्यात राखीव कॅचर म्हणून वर्षानुवर्षे खेळणारेही असतात. डेव्हिड रॉस असाच पंधरा हंगाम खेळला, एकोणचाळिसाव्या वर्षी २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्याने होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, मारला आणि पुढे त्याच शिकागो कब्जचा तो व्यवस्थापक झाला. पोझीच्या तिन्ही विजेतेपदांच्या वेळी जायंट्सचा व्यवस्थापक असलेला ब्रूस बोची हाही मूळचा राखीव कॅचरच. आणि पोझी स्वतः सप्टेंबर २०२४ अखेरीस जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा अध्यक्ष झाला. संपूर्ण मैदानाकडे तोंड करून वर्षे काढलेल्या माणसांकडे क्लब अशी कामे सोपवतात, यात मला नवल वाटत नाही.

माझ्या मुलाच्या शाळेत चेंडू कोणता टाकायचा हे बहुतेक वेळा प्रशिक्षकच बाहेरून सांगतात. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी शेवटचे दोन डाव त्याच्यावर सोपवले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बूटही न काढता मला एकेक चेंडू क्रमाने सांगितला, कोणता का मागितला यासह. मधे एकदा बेस भरले होते, पिचर म्हणजे त्याचाच वर्गमित्र, आणि त्याचा हात थरथरत होता, म्हणून हा वेळ मागून त्याच्याजवळ गेला होता.

‘काय सांगितलंस त्याला?’ मी विचारले.

‘काही नाही गं आई. आज त्याच्या घरी जेवायला काय आहे, ते विचारलं.’